साच्यावरचे बुडबुडे

१२ जानेवारी

छोटे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राला एक बरं असतं, मधेच कापता येत नाही. फार तर तू ते फाडशील. पण फाडण्याआधी एकदा नजर जाईलच, तेवढी तुझी चौकस बुद्धी मला ठाऊक आहे.

आधी भांडणाचं लिहिते आणि मोकळी होते. कवळीच्या मेणात तू बसवलेले दात मी तुझ्या माघारी काढले आणि पुन्हा बसवले, हे खरं. एकदा नव्हे, बऱ्याचदा. तुला कळणार नाही असं मी धरून चालले होते, हे जास्त वाईट. तू म्हणालीस, "ताई, तू धंदा करत नाहीस, पेपर तपासतेस." ते मला इतकं लागलं की मी उलट बोलले, आणि काय बोलले ते डायरीतसुद्धा लिहिलेलं नाही. आपली लॅब नवी आहे, एक कवळी वाकडी गेली तर तो डॉक्टर पुन्हा आपल्या दारात उभा राहणार नाही, हे माझं म्हणणं आजही आहे. पण ते तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. मेणात नव्हे.

काल जुने मालक रस्त्यात भेटले. अगदी गोड हसले. "काय म्हणतेय स्वतंत्र लॅब? धाकटी पळाली म्हणे?" मी म्हटलं, "पळाली नाही, दुसऱ्या शहरात मोठ्या पगारावर गेली." ते म्हणाले, "तेच ते." मग म्हणाले, "बाई, दुसऱ्याच्या छपराखाली काम करताना पाऊस दिसत नाही. आता दिसेल." वर्षानुवर्षं आपण दोघींनी त्यांच्या नावावर कवळ्या केल्या, आणि निघताना ते आपल्याला दारापर्यंत सोडायलाही आले नाहीत; तरी त्यांचं वाक्य डोक्यातून जात नाही.

तुझं टेबल तसंच आहे. तुझी सुरी तुझ्या खणात आहे. मी माझीच वापरते.

आता बाबा. त्यांनी हट्ट धरला की तू गेल्यावर लॅबची पहिली कवळी त्यांचीच. मी म्हटलं, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन रीतसर माप देऊ या. तर म्हणाले, "घरात दोन-दोन दातवाल्या आणि मी बाहेर जाऊन तोंड वासू? लोक काय म्हणतील?" नियम मला पाठ आहे. माप डॉक्टरने घ्यायचं, आपलं काम साच्यापासून पुढे. पण घरचंच तोंड, म्हणून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं, गळ्यात टॉवेल बांधला आणि मीच माप घेतलं. मापाचा ट्रे तोंडात असताना ते बोलायचा प्रयत्न करत होते. बाहेर काढल्यावर पहिलं वाक्य: "चव सिमेंटची आहे. गिऱ्हाइकांना सांगू नको."

मापात प्लास्टर ओतलं, साचा बरा आला. फक्त टाळूवर उजवीकडे मसुराएवढा फोड उठला होता. मापात हवा अडकली की तिथे प्लास्टर भरतं आणि साच्यावर असा बुडबुडा राहतो. मालकांनी पहिल्याच आठवड्यात आपल्या हातात सुरी देऊन शिकवलेलं काम. खरवडून टाकला. बोट फिरवलं, गुळगुळीत. बाकी कवळी अशी बसली की बाबांनी आरशासमोर उभं राहून आईच्या फोटोला हसून दाखवलं.

तू असतीस तर दात जरा मागे घेतले असतेस. मलाही आता तसं वाटतंय. बघ, कबूल केलं.

ताई


८ फेब्रुवारी

छोटे,

तुझा निरोप मिळाला. इतक्या दिवसांनी एक ओळ, आणि ती अशी: "तो फोड मापातला होता की तोंडातला? बोट लावून पाहिलंस का?"

ना बाबा कसे आहेत, ना तू कशी आहेस. टोमणा पोचला. मला माप घ्यायची सवय नाही, ती आपल्यात कुणालाच नाही, ते आपलं कामच नाही. माझ्या मापात बुडबुडा आला यात तुला गंमत वाटत असेल तर वाटू दे. मी तुझे दात पुन्हा बसवले, तू माझा साचा पुन्हा तपासतेस. फिटंफाट. तरी बाबांना विचारलं. म्हणाले, "काही नाही गं, तू कामाला लाग." झालं समाधान?

रागात लिहिते आहे हे मला दिसतंय. कागद बदलत नाही. एवढं तरी प्रामाणिक असावं.

कामाचं सांगते. बाबांनी स्वतःची जाहिरात-विभागावर नेमणूक करून घेतली आहे. "माझं तोंड म्हणजे तुझी पाटी," असं म्हणतात. सकाळी न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसतात, खिशात सफरचंद. कुणी ओळखीचं दिसलं की काढतात आणि कचकन चावा घेतात. न्हावी वैतागलाय. "आजोबा, तुम्ही केस कापायला येता की दात दाखवायला?" तर म्हणाले, "केस राहिलेत कुठे? जे आहे ते दाखवतो."

मी त्यांना समजावून थकले. कवळी लागणारा माणूस आपल्याकडे येत नाही, तो डॉक्टरकडे जातो, आणि डॉक्टर लॅबकडे. आपल्याला कवळी घालणाऱ्याचं तोंड दिसतही नाही. पण बाबा कुणाचं ऐकतात! त्यांनी बाकावरच्या म्हाताऱ्यांना पढवून ठेवलं, "डॉक्टरीणबाईंना सांगायचं, त्या मुलीकडूनच करून द्या." आणि लोकांनी खरंच सांगितलं! डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. "तुमच्या वडिलांनी माझ्या दवाखान्यात प्रचार चालवलाय. आता काम पाठवणं भाग आहे." हसून म्हणाल्या. पण काम पाठवलं.

म्हणजे आज लॅब चालू आहे ती बाबांच्या तोंडावर. हे मी डायरीत लिहिलं तेव्हा गमतीने लिहिलं. रात्री वाचताना गंमत वाटली नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हसण्यावर मी माझी नोकरी सोडून उभी आहे.

लिही. टोमणा असला तरी चालेल.

ताई


२१ एप्रिल

छोटे,

मधे लिहिलं नाही, कारण चांगलं काही नव्हतं. आताही नाही, पण कुणाला तरी सांगायला हवं.

वीज गेली. कवळ्या गरम पाण्यात शिजत होत्या आणि तासभर वीज नाही. आली तेव्हा मी घाबरून आच वाढवली. थंड झाल्यावर उघडल्या तर सगळ्यांना आतून जाळी पडलेली, स्पंजासारखी. सगळं पुन्हा. चूक विजेची पन्नास टक्के, माझी पन्नास. मालकांकडे असताना अशा वेळी आपण खांदे उडवून चहा प्यायला जायचो, आठवतं? आता खांदे उडवले की त्याचा भार आपल्याच पाठीवर येतो.

घाईवाले डॉक्टर तुला आठवतात ना, ज्यांचं माप मी तीनदा परत पाठवलं आणि ज्यांच्यावरून आपलं पहिलं वाजलं? त्यांचं माप पुन्हा आलं. तसंच. कडा फाटलेल्या, मागचा भाग आलेलाच नाही. मी घेतलं. कवळी केली. अंदाजाने कडा भरल्या. त्या माणसाला ती टोचणार हे करतानाच मला माहीत होतं. डॉक्टरांचा निरोप आला, "छान आहे, पुढची पाठवतो." तू हसशील. पेपर तपासायचं सोडलं, तेव्हापासून धंदा होऊ लागला. मी ज्यासाठी तुझ्याशी भांडले ते मी स्वतः विकून टाकलं, आणि तुझ्या माघारीच.

बाबांना उजवीकडे टाळूला टोचतं. याआधीही दोनदा टोचलं होतं. ते बोटाने जागा दाखवतात, मी कवळी हातात घेते, त्या जागी आतून थोडं घासते, पॉलिश करते, परत देते. मग काही दिवस बरे जातात. या खेपेला घासून घासून तिथला गुलाबी थर इतका पातळ झाला आहे की दिव्यासमोर धरली तर उजेड दिसतो.

मी म्हटलं, "एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवू या."

"वेडी का काय तू?" म्हणाले. "तिच्यासमोर तुझी कवळी काढून सांगू की इथे दुखतं? उद्यापासून तुला काम देईल का ती?"

"अहो बाबा, नवी कवळी सगळ्यांनाच टोचते."

"मग माझी टोचली तर काय बिघडलं? घास अजून जरा."

मी घासली. आणि छोटे, हे तुलाच लिहिते आहे: त्यांनी नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं. डॉक्टरीणबाईंचं काम आता निम्म्याहून जास्त आहे. त्यांच्या हातात माझी टोचणारी कवळी, तीही नियम मोडून स्वयंपाकघरात माप घेऊन केलेली, हे चित्र मला नको होतं. बाबांनी माझी सुटका केली आणि मी ती घेतली.

ते पावाची कड चहात बुडवून खातात. सफरचंद खिशात असतं. गेले चार दिवस तेच सफरचंद आहे.

ताई


१६ जून

छोटे,

हे पत्र नीट लिहायचं आहे. तीनदा सुरू केलं.

बाबा तयार कवळ्यांचे डबे डॉक्टरीणबाईंकडे पोचवायला जातात. मी नको म्हणते, पण त्यांना तेवढंच बाहेर पडायला निमित्त. परवा गेले तेव्हा बाईंनी पाहिलं की ते सारखा रुमाल तोंडाला लावताहेत, आणि रुमालावर लाल आहे. त्यांनी खुर्चीत बसायला सांगितलं. बाबा म्हणाले, "माझं काही नाही, मी पोस्टमन." बाईंनी ऐकलं नाही. कवळी काढली. मग मला फोन केला. आवाज अगदी साधा होता, "जरा येऊन जा." त्या साधेपणानेच मी हातातलं काम तसंच टाकून निघाले.

त्यांनी मला बाबांच्या तोंडात बघायला सांगितलं. मी म्हटलं, "टेक्निशियनने बघायचं नसतं ना." इतकी वर्षं पाळलेलं वाक्य, अगदी सहज तोंडातून गेलं. बाईंनी नुसता दिवा बाबांच्या तोंडाकडे वळवला.

टाळूला उजवीकडे गाठ आहे. वर जखम. कडा उचललेल्या. तुकडा काढून तपासायला पाठवला, आज कळलं. जे वाटत होतं तेच आहे, कॅन्सर.

मी बाबांची कवळी घरी आणली आणि आतून पाहिली. जिथे मी दर खेपेला घासत होते तिथे खळगा झाला आहे. त्यात माझ्या अंगठ्याचं टोक बसतं. मला वाटत होतं मी टोचणं कमी करते आहे. मी त्या गाठीला वाढायला जागा करून देत होते, तिच्या मापाने, दर वेळी थोडी जास्त.

आणि तो साच्यावरचा फोड. तू विचारलं होतंस. मापातला की तोंडातला. तो तोंडातला होता. जानेवारीत तो मसुराएवढा होता आणि मी तो सुरीने खरवडून वर बोट फिरवलं, गुळगुळीत झाला म्हणून खूश झाले. मग त्या गुळगुळीत साच्यावर कवळी केली आणि ती त्या मसुरावर दाबून बसवली.

फेब्रुवारीत मी तुला लिहिलं की बाबांना विचारलं. कसं विचारलं ते लिहिलं नव्हतं. मी लॅबमध्ये मोटर चालू असताना, पाठ त्यांच्याकडे करून विचारलं. उत्तर ऐकलं तेही मोटर न थांबवता. बोट लावून पाहिलं नाही. तू टोमणा मारतेस असं ठरवून टाकलं की मग प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, स्वयंपाकघरातल्या मापासकट. त्या म्हणाल्या, "कवळीमुळे हे होत नाही. पण कवळीखाली झाकलं गेलं. मी माप घेतलं असतं तर बोट लागलंच असतं." मग म्हणाल्या, "कदाचित." ते कदाचित त्यांनी माझ्यासाठी जोडलं.

बाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मग काय झालं? तू प्लास्टर खरवडलंस, मला नाही." आणि मग, "न्हाव्याला सांगू नको. तो सगळ्यांना सांगेल."

शस्त्रक्रिया ठरली आहे. टाळूचा उजवा भाग आणि त्यावरचं हाड काढणार. ये. माझ्यासाठी नको.

ताई


३० जुलै

छोटे,

तू आलीस, दवाखान्यात आठ दिवस राहिलीस, बाबांचं सगळं केलंस, आणि गेलीस. माझ्याशी औषधाच्या वेळांखेरीज बोलली नाहीस. मी रोज वाट पाहत होते की तू म्हणशील, "मी विचारलं होतं." तू म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. मी मनातल्या मनात तुझ्या वतीने ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं आहे की आता ते कुणाच्या आवाजात आहे तेच कळत नाही.

तू गेल्यावर बाबांना घरी आणलं. टाळूला जे भोक राहिलं आहे ते दवाखान्याने तात्पुरत्या पट्टीने झाकलंय, पण ती नीट बसत नाही. पाणी प्यायले की नाकातून येतं. बोलतात ते सगळं नाकात. काल काहीतरी सांगत होते, मला कळेना. मी तीनदा "काय?" म्हटलं. चौथ्यांदा त्यांनी हात हलवला आणि भिंतीकडे तोंड केलं. आयुष्यभर गप्पा मारणारा माणूस, छोटे. नंतर कागदावर लिहून दिलं: "पंखा कमी कर." एवढंच होतं.

लॅब बंद आहे. गाळ्याच्या मालकीणबाई भाड्यासाठी दार वाजवून गेल्या, आत डोकावल्या, आणि माझा चेहरा पाहून "पुढच्या आठवड्यात येते" म्हणाल्या. घाईवाल्या डॉक्टरांनी काम जुन्या मालकांकडे वळवलं. सरळ आहे. त्यांना घाई आहे.

ताई


५ ऑक्टोबर

छोटे,

पट्टी कशी करायची हे सांगणारा तुझा लांबलचक निरोप मी छापून घेतला आणि टेबलासमोर चिकटवला. नव्या नोकरीत तू टाळूचं भोक बुजवणाऱ्या अशा पट्ट्या करतेस हे मला माहीत होतं, मी एकही केलेली नव्हती. दवाखान्यातल्या लॅबची रांग मोठी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माप मी घेते, पट्टी तुम्ही करा." मी म्हटलं, माझी बहीण करते, मी नाही. त्या म्हणाल्या, "बहीण इथे आहे का?"

माप त्यांनी घेतलं, मी दाराबाहेर उभी राहिले. साचा ओतला. त्यावर उंचवटे, खाचा, फोड, काय नव्हतं! सुरीला हात लावला नाही. जे आलं ते तसंच ठेवलं आणि प्रत्येक उंचवट्यावर पेन्सिलने खूण करून बाईंना विचारलं, "हा तोंडात आहे का?" त्यांनी बाबांच्या तोंडात बोट घालून एकेक सांगितलं. हा आहे. हा नाही. हा टाक्याचा वण आहे.

तू लिहिलं होतंस, "भोकात जाणारा गोळा आतून पोकळ ठेव, नाहीतर वजनाने पट्टी खाली येईल." पहिला गोळा भरीव झाला. दुसरा फुटला. तिसरा बसला. बाईंनी तो बाबांच्या तोंडात बसवला आणि पाण्याचा पेला दिला. ते घाबरत घाबरत प्यायले. मग पूर्ण पेला. आम्ही सगळे त्यांच्या नाकाकडे बघत होतो, इतकं की तेच हसायला लागले. आणि मग बोलले. जरा घोगरं, पण स्पष्ट. "छोटीला कळव. गळत नाही."

मी बाहेर जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

आता जे लिहायला लाज वाटते ते. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननी तपासणीला पट्टी पाहिली, विचारलं कुणी केली. बाबांनी लगेच सांगितलं, पत्त्यासकट. "पाटी परत लागली," मला घरी येऊन म्हणाले. सर्जननी दुसऱ्याच दिवशी एका पेशंटचं माप पाठवलं. मग अजून. दवाखान्याची लॅब सोडली तर अशा पट्ट्या करणारं जवळपास कुणी नाही. म्हणजे लॅब चालायला लागली आहे. आपण दोघींनी संध्याकाळी मालकांच्या जिन्यात बसून जी स्वप्नं रंगवली होती, आपलं स्वतःचं काम, दुसरं कुणी करत नाही असं, ते हे आहे. ते माझ्या बापाच्या टाळूतून आलं.

मी यावर खूप विचार करते. काम नाकारू का? मग त्या लोकांच्या नाकातून पाणी येईल. घेऊ का? घेते. घेताना आनंद होतो, आणि त्या आनंदाकडे मी बघत नाही.

ताई


२२ नोव्हेंबर

छोटे,

बाबांच्या मानेत गाठ आली आहे. यावेळी आधी मी पाहिली. रोज पाहत होते, रोज बोट लावत होते, म्हणून. त्यांनी माझं बोट मानेवर थांबलेलं ओळखलं आणि म्हणाले, "हाही बुडबुडाच का गं?" मला हसवायला. मी हसले नाही. मग ते म्हणाले, "बरं बाई, नसू दे."

सर्जन म्हणतात, आता पुन्हा कापण्यात अर्थ नाही. घरीच ठेवा, बोलू शकतात तोवर बोलून घ्या. बाबा पट्टीला दिवसभर सोडत नाहीत. न्हावी येऊन त्यांची दाढी करतो, पैसे घेत नाही, आणि ते त्याला दुकानातल्या गर्दीचं विचारतात. परवा त्याने येताना सफरचंद आणलं. काय करावं हे कुणालाच सुचेना. बाबांनी ते उशीजवळ ठेवून घेतलं. म्हणाले, "राहू दे. पाटीला शोभतं."

आता तुला जे मागायचं आहे ते मागते.

काम थांबलं आहे. नसल्यामुळे नव्हे, आहे म्हणूनच. डॉक्टरीणबाईंची मापं येतात, सर्जनची येतात. मी साचे ओतते. मापात हवा राहतेच, कुणीही घेतलं तरी राहते, आणि साच्यावर बुडबुडे उठतात. ते खरवडल्याशिवाय पुढचं काही होत नाही. ते राहिले तर कवळी बसणार नाही, माणसाला टोचेल. मी प्रत्येकावर खूण करते, फोन करते. सुरुवातीला डॉक्टरीणबाई समजून घ्यायच्या. परवा म्हणाल्या, "अहो, मी बोट लावून पाहिलंय, टाळू स्वच्छ आहे. बुडबुडा आहे तो. खरवडा आणि पाठवा, पेशंट थांबलाय." मी हो म्हटलं. सुरी घेतली. साच्याला टेकवली.

हात पुढे जात नाही.

मी अंधश्रद्ध नाही, हे तुला माहीत आहे. प्लास्टर आहे, मला कळतं. त्यांनी तपासलंय, मला कळतं. मी स्वतःला दहा प्रकारे समजावलं, डायरीत पानं भरली. सुरी टेकवते आणि बाबांचं तोंड दिसतं, जे मी तेव्हा पाहिलं नव्हतं. साचे शेल्फवर ओळीने पडून आहेत. एकेकाखाली चिठ्ठी आहे, "तपासलं, तोंडात नाही." कुठेतरी एकेक माणूस दात नसलेल्या तोंडाने किंवा भोक पडलेल्या टाळूने वाट बघतो आहे, आणि मी त्यांच्या साच्यांवर धूळ बसू देते आहे. जुने मालक म्हणाले असते, बाई, हा धंदा नव्हे. बरोबरच म्हणाले असते.

तू दुसऱ्याच्या कामावर उगाच शंका घेत नाहीस, आणि शंका आली तर विचारतेस. माझ्यात नेमकं उलटं होतं. सगळ्यांच्या कामावर शंका घेतली, आणि तू विचारलंस तेव्हा ऐकलं नाही.

भागीदारी, नाव, टेबल, सगळं तुझ्या मनासारखं कर. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. औषधाच्या वेळांपुरतं बोललीस तरी पुरे. दात तू बसव, मी तुझ्या माघारी त्यांना हात लावणार नाही. लावू शकतही नाही आता.

बाबा अजून स्पष्ट बोलतात. मी हे लिहिते आहे ते त्यांना दिसतंय. "काय लिहितेस एवढं?" म्हणाले. मी म्हटलं, छोटीला बोलावते, बुडबुडे काढायला. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "तिला म्हणावं, आधी बोट लावून बघ."

तुझी सुरी तुझ्या खणातून काढून धार लावून ठेवली आहे. साचे शेल्फवर आहेत. ये.

ताई